तिसावी वही

"तिसावी कुठे गेली?"

ताईने जेवणाच्या टेबलावर वह्यांचे चार गठ्ठे लावले होते आणि एकेका वहीवर बोट ठेवत ती दुसऱ्यांदा मोजत होती. बोट एकोणतिसावीवर थांबलं, पुढे एकतिसावीवर गेलं, पुन्हा मागे आलं.

"असेल इथेच कुठेतरी," मी म्हणालो. "मोजण्यात चुकली असशील."

मोजण्यात चूक, असं माझ्या बहिणीला सांगणारा मी जगातला पहिलाच माणूस असेन. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मी?"

माझी सून स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. वही माझ्या गादीखाली होती. सहासष्ट वर्षांचा, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, नातवंडं असलेला माणूस पहाटे उठतो आणि बहिणीची वही गादीखाली सारतो! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मला सारखं वाटत होतं की इथून, बाहेरच्या खोलीतूनही, ती गादी जरा उंच दिसत असणार.

दुपारी दोन वाजता मुलींच्या शाळेत ताईचा कार्यक्रम होता. शेजारी राहणाऱ्या गणिताच्या बाईंनी एकदा त्या वह्या बघितल्या आणि त्या भारावूनच गेल्या. आमच्या मुलींसमोर याच, म्हणाल्या, एक तास बोला. ताईला उभ्या आयुष्यात कोणी एक तास बोला म्हटलं नव्हतं. गेले आठ दिवस ती तयारी करत होती. तयारी म्हणजे काय, तर दोनच वाक्यं तिने पाठ केली होती आणि येताजाता ती म्हणून बघत होती. "मी काही सांगणार नाही. कुठलीही वही उचला, कुठलंही पान उघडा, आणि भागाकार स्वतः करून बघा."

कुठलीही वही. कुठलंही पान. मला घाम फुटायला एवढं पुरे होतं.

ताई मीटर दुरुस्तीच्या शेडमध्ये तपासनीस होती. लोकांच्या घरातली विजेची मीटरं तिथे यायची. ती टेबलावर जोडायची, आतली चकती फिरते का, बरोबर तेवढीच फिरते का हे बघायचं, शिशाचं सील मारायचं आणि पुढचं मीटर घ्यायचं. चौतीस वर्षं तिने हेच केलं. एका मीटरची चकती तपासायला दहा मिनिटं लागायची आणि त्या दहा मिनिटांत हाताला काम नसायचं. बाकीच्या बायका विणकाम करायच्या. ताई मीटरच्या पितळी पट्टीवरचा नऊ आकडी नंबर घ्यायची आणि त्याला भागत बसायची. सातने, अकराने, तेराने, सतराने. बहुतेक नंबर शंभराच्या आत फुटायचे. कुठलाच भाग गेला नाही की ती शेजारणीला सांगायची, "बाकी उरली गं." त्यावरून शेडमध्ये तिचं नाव पडलं बाकीबाई. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा विचारायचा, "काय बाकीबाई, आज किती उरली?"

शाळेत ती गणितात पहिली यायची. पंधराव्या वर्षी वडील गेले आणि ती शेडमध्ये लागली, कारण घरात कोणीतरी शिकायला हवं होतं आणि कोणीतरी कमवायला. मी पाच वर्षांचा होतो, त्यामुळे कोणी काय करायचं ते ठरवायला फार वेळ लागला नाही. शिकून मी काय दिवे लावले ते मी सांगत नाही.

ती एकोणचाळीस वर्षांची असताना एक जळकं मीटर मोडीत काढायला आलं. नंबर ४१,०७,००,७३३. हा नंबर शंभरातही फुटला नाही आणि हजारातही फुटला नाही. ताईने स्टोअरकीपरकडे पितळी पट्टी मागितली, रीतसर अर्ज लिहून. तो म्हणाला, "पट्टीचं काय लोणचं घालणार आहात, बाकीबाई?" ताई म्हणाली, "मूळ संख्या आहे का ते बघणार आहे."

कुठल्याच संख्येने भाग जात नाही, एक आणि स्वतः सोडून, ती मूळ संख्या. हे सिद्ध करायचं तर वीस हजार दोनशे पासष्टपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. पुढे जायची गरज नसते, का ते ताईने मला तीनदा समजावलं होतं आणि तिसऱ्यांदा मला समजलंही होतं. भागाकार होते जवळजवळ तेवीसशे. रोज सहा, एका वहीत साठ. अडतीस वह्या भरून एकोणचाळिसावीची काही पानं. सगळे हाताने, कारण तिच्या मते यंत्राने काढलेलं उत्तर म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास.

अठ्ठावीस वह्या झाल्या आणि शेडच्या पायऱ्यांवरून ती पडली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

"धाकट्या," ती मला म्हणाली, "तेवढ्या दोन वह्या तू करशील?"

मी केल्या. एकोणतिसावी ती शेजारी बसलेली असताना केली, अगदी प्रामाणिकपणे. मग तिची दुपारपाळी सुरू झाली. हात गळ्यात असला तरी नोंदी सांगायला तिला बोलावत. संध्याकाळी घरी मी एकटा. त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीवाल्याच्या माडीवर, पत्त्यांचा डाव रंगात आला होता आणि तिथे चौथा माणूस कमी पडत होता. सहा भागाकारांना जेमतेम पाऊण तास लागायचा. पाऊण तास! मी तेवढासुद्धा दिला नाही. आठ भागाकार खरे केले आणि नंतरचे बावन्न खोटे लिहिले.

खोटं लिहिणंही सोपं नव्हतं, कारण ताई रोज रात्री जेवणं झाल्यावर माझ्या प्रत्येक भागाकाराचा नवाचा ताळा बघायची. संख्येतले अंक मिळवत मिळवत एका अंकावर यायचं. आमच्या संख्येचा अंक सात. भाजकाचा अंक गुणिले भागाकाराचा अंक, त्यात बाकीचा अंक मिळवला की सात यायला हवेत. आले तर ठीक, नाही आले तर चूक. मग मी काय करायचो, भागाकाराचे पहिले तीन अंक खरे काढायचो, पुढचे दोन अंदाजे टाकायचो आणि ताळा जुळेल अशी बाकी शोधून लिहायचो. शेवटचा अंकसुद्धा जुळवायचो, कारण ताईची नजर आधी तिथे जाते हे मला ठाऊक होतं. एका मिनिटात एक. आयुष्यात गणितात एवढं डोकं मी दुसऱ्या कशासाठी चालवलं असेल असं वाटत नाही.

"शाब्बास," ताई ताळा बघून म्हणायची. "सगळे जुळले." डाव्या हाताने ती प्रत्येक ओळीपुढे वाकडीतिकडी खूण करायची.

पहिल्या वहीपासून सव्वा वर्षाने शेवटचा भागाकार झाला. भाग गेला नाही. ताईने शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला, पहारेकऱ्यालासुद्धा. शिक्षकांच्या एका मासिकाला तिने पत्र लिहिलं आणि त्यांनी ते चार ओळींत छापलं. ते कात्रण अजून भिंतीवर, त्या पितळी पट्टीशेजारी चौकटीत आहे. त्यात लिहिलंय, 'ही संख्या मूळ असल्याचं मी आणि माझ्या धाकट्या भावाने पडताळून पाहिलं आहे.' मी आणि माझ्या धाकट्या भावाने. छत्तीस वर्षं मी त्या चौकटीसमोर बसून जेवतोय. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं घास अडकायचा, मग सवय झाली. मी मनाची समजूत घातली की हजारो भागाकारांत बावन्न म्हणजे किती, नेमका त्यातच भाग जाणारा असायला आपण काय इतके कमनशिबी आहोत!

काल संध्याकाळी सून कार्यक्रमासाठी मोठा कागद छापायला बसली होती, मधोमध ती संख्या. तिने सहज तो आकडा संगणकाला विचारला. मग उठून माझ्याकडे आली.

"बाबा, आत्यांची ती संख्या... हे वेगळंच दाखवतंय. हे बघा. पंधरा हजार एकशे एकतीस गुणिले सत्तावीस हजार एकशे त्रेचाळीस."

पंधरा हजार म्हटल्याबरोबर मला वहीचा नंबर कळला.

"आत्याला बोलू नकोस," मी म्हणालो. "मी बघतो." आणि बघितलं ते असं, गादीखाली.

"उंदरांनी नेली असेल," मी आता ताईला म्हणालो. म्हणताना माझी मलाच लाज वाटली.

"एकच? नेमकी मधली?" ताई खाली वाकून टेबलाखाली शोधायला लागली. शहात्तर वर्षांची बाई, एक हात खुर्चीवर टेकवून, गुडघे धरून. "ती तुझ्या हातची आहे रे. तीच मला मुलींना आधी दाखवायची होती. भाऊ कसा असावा ते सांगणार होते."

सून म्हणाली, "बाबा."

मी आत गेलो, गादी उचलली आणि वही आणून ताईसमोर ठेवली. बसायचं धाडस झालं नाही, म्हणून उभ्यानेच सांगितलं. पत्ते सांगितले, ताळा कसा जुळवायचो ते सांगितलं, किती खोटे तेही सांगितलं. सगळ्यात शेवटी पंधरा हजार एकशे एकतीस सांगितलं. तेव्हा आवाज इतका बारीक झाला होता की तिने पुन्हा विचारलं, "किती?"

मी पुन्हा सांगितलं. सून मोबाइल पुढे करायला लागली, तो ताईने हाताने बाजूला केला.

"पेन्सिल दे."

तिने माझं पान उघडलं. माझ्या तरुण, गोल अक्षरात तिथे लिहिलं होतं: भागाकार २७,१३८, बाकी ८,४२५. पुढे तिची डाव्या हाताची खूण. तिने एक कोरा कागद घेतला आणि भागायला सुरुवात केली. आता तिचा हात थरथरतो आणि आकडे एकाखाली एक नीट बसत नाहीत, म्हणून ती फूटपट्टी लावून लिहिते. दोनचा भाग. सातचा भाग. एकचा भाग. इथवर माझं आणि तिचं उत्तर एकच होतं. मग तिने चारचा भाग लावला, माझ्या तीनवर क्षणभर पेन्सिल टेकवली आणि पुढे गेली. शेवटी उरले पंचेचाळीस हजार तीनशे त्र्याण्णव.

"तीन वेळा," ती स्वतःशीच म्हणाली. तिने गुणून खाली लिहिलं. वरचा आकडा आणि खालचा आकडा एकच होता. तिने रेघ मारली आणि रेघेखाली शून्य काढलं. मग ते शून्य तिने पुन्हा गिरवलं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असतंच असं नाही, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "गुणून बघायला हवं होतं मी. माझाही आळसच."

"तुझी काय चूक ताई? मी..."

"तू थांब." तिने चष्मा काढला. "कंटाळा आला होता तर सांगायचं होतंस ना. हात बरा झाल्यावर मी केले असते. दहा दिवसांचं तर काम होतं रे."

चांगला मोठा गुन्हा केला असता तर निदान तो सांगताना काही कारण तरी देता आलं असतं.

"शाळेत फोन करतो," मी म्हणालो. "सांगतो, तब्येत बरी नाही."

"अजून एक खोटं?" ती उठली. "वह्या पिशव्यांत भर. सगळ्या. तिसावी वर ठेव."

शाळेत एका मोठ्या वर्गात बेचाळीस मुली बसल्या होत्या. मुख्याध्यापिका बाईंनी मला पहिल्या रांगेत, ताईच्या समोरच खुर्ची दिली होती. फळ्यावर कोणीतरी रंगीत खडूंनी ती संख्या काढली होती, कडेला फुलं. ताई उभी राहिली. पाठ केलेली दोन वाक्यं तिने म्हटली नाहीत.

"ही संख्या मूळ आहे असं मी छत्तीस वर्षं सांगत आलेय," ती म्हणाली. "ती मूळ नाही. मला आज सकाळी कळलं."

वर्गात कुजबुज झाली. शेजारच्या गणिताच्या बाई अर्धवट उठून पुन्हा बसल्या. ताईने फळ्यावर दोन तुकडे लिहिले, एकाखाली एक. मग माझी वही उघडून दाखवली, इथे सत्तावीस हजार एकशे अडतीस लिहिलंय, हवे होते एकशे त्रेचाळीस, आणि ताळा मात्र दोन्हींचा जुळतो. कसा जुळतो तेही तिने करून दाखवलं. मुली वह्या काढून ताळा जमवायला लागल्या. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने हात वर केला.

"पण आजी, चुकीचं लिहिलं कोणी?"

मी बघत होतो. ताईने माझ्याकडे बघितलं नाही. "आमच्या घरातच लिहिलं गेलं," ती म्हणाली. "तपासलं मी. खूण माझी आहे."

मी उठलो. खरंच उठलो, खुर्चीचा आवाज झाला. मला म्हणायचं होतं, मी लिहिलं. मुख्याध्यापिका बाईंना वाटलं मला पाणी हवंय. "बसा काका, बसा, मी मागवते," त्या हळूच म्हणाल्या. आणि मी बसलो. बसा म्हटलं की बसणारा माणूस मी. पाणी आलं तेही प्यायलो.

"आता हा तुकडा बघा," ताई सांगत होती. "सत्तावीस हजार एकशे त्रेचाळीस. हा तरी मूळ आहे का? माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकशे त्रेसष्टपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं की पुरे, अडतीस भागाकार. तुम्ही बेचाळीस जणी. अडतीस जणींनी भागायचं, चौघींनी तपासायचं. तपासताना ताळा नको. गुणून बघायचं."

मग वर्गात जो काही गोंधळ झाला! "सात, बाकी चार!" "तेरा, बाकी बारा!" "एक्केचाळीस, बाकी एक! आजी, एकच उरला, अगदी थोडक्यात हुकलं!" ताई फळ्यावर एकेक बाकी लिहीत होती. चौघी तपासणाऱ्या बाकांमधून पळत होत्या आणि दोन भागाकार चुकीचे म्हणून परतही आले. अडतिसावी बाकी आली तेव्हा तास संपून दहा मिनिटं झाली होती. शून्य कुठेच नव्हतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ताई हसली, पण ती दमली होती, आणि फळ्यावरच्या फुलं काढलेल्या मोठ्या संख्येकडे तिने एकदाच बघितलं. गणिताच्या बाई फळा पुसायला पुढे झाल्या तेव्हा तिने तोंड फिरवून पिशव्या उचलल्या. मी हात पुढे केला, तर तिने हलकी पिशवी मला दिली.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, टेबलापाशी बसली आणि कपाटातून आणलेली एक कोरी वही उघडली. पहिल्या पानावर फूटपट्टी लावून लिहिलं, तिसावी.

"आता कशाला ताई?" मी म्हणालो. "फुटली ना संख्या. आता बाकीचे करून काय मिळणार?"

"काही नाही," ती म्हणाली. "पण एक्कावन्न बाक्या अजून खोट्याच आहेत."

"मग निम्मे मी करतो. आजच बसतो. खरंच करतो."

ती थांबली. लहानपणापासून मी काही मागितलं की हो म्हणायच्या आधी ती अशीच थांबायची, म्हणून मी खुर्ची ओढायलाही लागलो.

"नको," ती म्हणाली. "तू चहा टाक."

मी चहा केला. तिच्या डाव्या हाताशी कप ठेवला आणि समोर बसलो. दोन भागाकार झाले होते, तिसरा चालू होता. प्रत्येकाशेजारी समासात तिने गुणाकार करून पडताळा घेतला होता. कितीने भागतेय ते बघायला मी जरासा पुढे वाकलो.

तिने वर बघितलं नाही. वही थोडी आपल्याकडे ओढून घेतली आणि डावा हात आडवा ठेवला, परीक्षेत शेजारच्याने बघू नये म्हणून ठेवतात तसा. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. ओठ हलत होते, ती हातचे धरत होती.

"चहा निवतोय," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि पुढचा अंक लिहिला.